घंटा ऐकून चालणारा बैल

“सोड म्हणते ना दावं! बैल माझा आहे.”

“बैल तुझ्या दारात आहे, बाई. तुझा नाही.”

भर दरबारात ही ओढाताण चालली होती. दाव्याचं एक टोक तेलिणीच्या मुठीत, दुसरं शेटच्या मुठीत आणि मधे बिचारा बैल. राज्यांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनो, ऐका. आणि थोरांनो, तुम्ही तर कान उघडे ठेवून ऐका, कारण दावं ओढणारे तुमच्यातलेच असतात.

हा शेट तेलाचे घाणे बांधून विकायचा, आणि घाण्याला जुंपायचे बैलही. घाणा म्हणजे मोठं लाकडी उखळ आणि त्यात फिरणारी लाट. बैल गोल चालला की लाट फिरते, तीळ भरडले जातात आणि तेल गळतं. शेटच्या बैलांसारखे शिकवलेले बैल कुठे नव्हते, हे खरं आहे आणि ते मी सांगणारच. हाक नको, चाबूक नको. डोळ्यांवर झापड बांधली की दिवसभर एका लयीत चालायचे. घाणे मात्र शिसवी, पितळेच्या पट्ट्या ठोकलेले. गरिबाने लांबूनच नमस्कार करावा असे.

तेलिणीने फक्त बैल घेतला. भर बाजारात, चारचौघांसमोर, रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला आणि तिने पुरतं मोल मोजलं. घाणा तिने आपल्या हातांनी उभा केला होता. वादळात पडलेल्या चिंचेच्या बुंध्याचं उखळ, मोडक्या रथाच्या दांड्याची लाट. लोक त्याला ठिगळांचा घाणा म्हणायचे.

“हसा, हसा,” ती म्हणायची. “तेल निघालं की गाडगी घेऊन तुम्हीच याल.”

तिच्या गावात दुसरा घाणा नव्हता. तेलासाठी नदी ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात नदी कुणाला ओलांडू देत नसे. तेव्हा घरोघरी अंधार आणि कोरडी भाकरी.

पण बैल जुंपला आणि हललाच नाही. गूळ दिला, पेंड दिली, पाठ थोपटली. तो आपला दगडासारखा उभा.

“मोठ्या घरचा बैल गं तो,” शेजारीण म्हणाली. “तुझ्या ठिगळांना कसा चालेल?”

तेलीण काही डोक्याला हात लावून बसणारी नव्हती. ती तडक शेटच्या घाण्यांवर गेली आणि दिवसभर नुसती बघत बसली. प्रत्येक लाटेला एक लहानशी घंटा होती. लाट जरा ढकलली की घंटा किणकिणायची आणि मगच बैल पाऊल उचलायचा. तेलाशी त्या घंटेचा काडीचा संबंध नव्हता. घंटा ऐकू आली नाही तर चालायचं नाही, असं शेटने बैलांना लहानपणापासून शिकवलं होतं.

घरी येऊन तिने शेळीच्या गळ्यातली घंटा सोडली, आपल्या लाटेला बांधली आणि लाट ढकलली. बैल चालू लागला. संध्याकाळपर्यंत गाव गाडगी घेऊन दारात उभं!

बातमी शेटच्या कानावर गेली आणि प्रकरण राजापुढे आलं.

“महाराज,” शेट म्हणाला, “मी बैल विकलाच नाही. त्याची चाल वापरायला दिली, तीही माझ्याच घाण्याला. बैलाच्या दाव्याची गाठ सोडली की अट मान्य केली, असा माझ्या गोठ्याचा रिवाज आहे.”

“गाठ न सोडता बैल घरी कसा न्यायचा रे?” तेलीण उसळली. “खांबासकट उपटून नेऊ? आणि रुमालाखाली तू माझी पाचच बोटं दाबलीस. अटीचं सहावं बोट होतं कुठे?”

दरबार हसला. शेट हसला नाही.

“हसण्यावारी नेऊ नका, महाराज. बैल आणि घाणा मी एकमेकांसाठी घडवलेत. उद्या त्या ठिगळांत अडकून बैलाचा पाय मोडला, तर लोक म्हणतील शेटचा बैल लंगडा. नाव कुणाचं जाईल?”

हे बोलणं खोटं नव्हतं. राजाने मान हलवली. “बाई, त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मोल परत घे आणि बैल देऊन टाक. तो घाणाही मोडलेला बरा.”

तेलिणीच्या मुठीतलं दावं सैल झालं. तिला दिसली पावसाळ्यातली नदी आणि अंधारातलं गाव. मग तिने दाव्याला मनगटावर एक वेढा दिला.

“महाराज, पाय मोडला तर शेक मी देईन. शेटच्या दारात रडत जाणार नाही. तेल माझ्या नावाने विकते. त्याचं नाव लावलं तर माझी जीभ कापा. पण पेंड घालताना बैल माझा आणि चालवताना त्याचा, हे कुठलं गणित?”

“आणि माझी घंटा चोरलीस ती?” शेट ओरडला.

“तुझी घंटा तुझ्या लाटेवरच आहे. माझी माझ्या शेळीची आहे.”

राजाने विचारलं, “शेट, घंटेने तेल जास्त निघतं का?”

“नाही, महाराज.”

“मग ती कशाला?”

शेटने तोंड उघडायच्या आत तेलीणच बोलली, “मी सांगते. याने बैलाच्या गळ्यातलं दावं विकलं आणि दुसरं त्याच्या कानात बांधून ठेवलं.”

त्या काळी बैल बोलत असत. फक्त त्यांना कुणी विचारत नसे. राजाने विचारलं.

बैल म्हणाला, “महाराज, माझ्या डोळ्यांवर झापड असते. शिसवी घाणा दिसत नाही आणि चिंचेचाही दिसत नाही. वाट दोन्हीकडे गोलच. बाईची घंटा जरा बसक्या आवाजाची आहे, एवढंच. पेंड मात्र ताजी असते.”

“पण चाल मी शिकवली!” शेटने दाव्याला हिसका दिला. “ती माझी विद्या आहे!”

“तुझ्या विद्येला हात जोडते,” तेलीण म्हणाली. “म्हणून तर घासाघीस न करता मोल दिलं. ते तू घेतलंस, मोजलंस, कनवटीला लावलंस.”

शेटने दावं सोडलं नाही. मग तिने त्याच्या डोळ्यांत बघून एकच वाक्य उच्चारलं. शेटची मूठ आपोआप उघडली.

राजाने दिलेला निवाडा त्यानंतरचा. विकत घेणाऱ्याने बैल हव्या त्या घाण्याला जुंपावा, जखम झाली तर आपली आपण निस्तरावी आणि शिकवणाऱ्याचं नाव आपल्या तेलाला लावू नये. तेलिणीचा घाणा फिरत राहिला आणि त्या पावसाळ्यात गावात दिवे लागले. शेट बुडाला म्हणता? छे! कुठल्याही घाण्याला चालणारा बैल म्हटल्यावर त्याच्या गोठ्यापुढे रांग लागली. घंटा त्याने स्वतःच काढून टाकल्या, कुरकुरत का होईना.

पण भांडण मिटलं होतं ते तेलिणीच्या वाक्यावर, आणि या गोष्टीचा बोधही तोच:

“विकलंस ना? मग हात सोड. आणि हात सुटत नसेल तर विकू नकोस.”