शेअरचा कौल

"बुवा, देव शेअरचा कौल देतो का हो?"

धाकूबुवा गुरव समईत तेल घालत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"आजवर कुणी मागितला नाही. बैल घेऊ का म्हणून विचारतात, सोयरीक जुळवू का म्हणून विचारतात. शेअर म्हणजे काय रे मुकुंदा?"

"कंपनीतला वाटा. थोडा माझा, थोडा आणखी कुणाकुणाचा."

"मग त्या आणखी कुणाकुणाला विचार की."

मुकुंद साळवी हसला. पण हसू ओठांवरच राहिलं, आत काही उतरलं नाही.

लहानपणी याच देवळात, याच बुवांच्या मांडीला मांडी लावून तो पखवाज शिकला होता. पुढे पुण्याला विम्याच्या कचेरीत गेला, साहेब झाला, निवृत्त झाला. केस पांढरे झाले, तरी बुवांपुढे आला की चप्पल पार पायरीच्या खाली काढायचा. बाकी माणूस ताठ. कुणाचा सल्ला घेणं त्याला कमीपणाचं वाटे. आणि आज कौल मागायला एवढी वाट तुडवून आला होता.

"करते काय ही तुझी कंपनी?"

"लहानशीच आहे. रोगाची चाचणी शोधतेय. पोटात आत, मागच्या बाजूला गाठ धरू लागली, की रक्ताच्या एका थेंबावरून ते आधीच कळावं. आज कळतं तेव्हा..."

तो थांबला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसू लागला. चष्मा स्वच्छच होता.

"खपते का चाचणी?"

"अजून एकही विकलेली नाही. मोठ्या इस्पितळात पारखताहेत. सोमवारी निकाल."

"आणि शेअरचा भाव?"

"पाचपट चढला होता. आता निम्म्यावर आलाय."

बुवांनी तेलाची बुधली खाली ठेवली. "जी वस्तू अजून विकलीच नाही तिचा?"

"लोकांच्या बोलण्याचा भाव असतो तो, बुवा. एक म्हणतो, मालकानं नवी गाडी घेतली, म्हणजे आतली बातमी चांगली. की चढला भाव. दुसरा म्हणतो, छे, स्वतःचे शेअर विकूनच गाडी घेतली त्यानं. की पडला."

"आणि गाडी?"

"कुणी बघितलीच नाही."

बुवा इतके हसले की खोकला आला. मुकुंदानं उठून त्यांना तांब्यातलं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"तू कुणाचं ऐकतोस यातल्या?"

"मी कुणाचंच ऐकत नाही. सगळे कागद मी स्वतः वाचतो. त्या चाचणीबद्दल जेवढं छापून आलंय तेवढं सगळं वाचलंय मी. दलालाला काय विचारता, मला विचारा!"

"मग इकडे कशाला आलास?"

मुकुंदानं समईची वात उगाच पुढे सारली.

"बोल की. एवढा वाचणारा तू..."

"मुलगी मागे लागलीय. म्हणते, बाबा, ही तुमच्या म्हातारपणाची भाकरी आहे. सोमवारच्या आत शेअर सोडा, नाहीतर हाती काही राहणार नाही."

"पाचपट होती तेव्हा का नाही सोडलीस?"

"...नाही सोडवली."

"बरं, अर्धी सोड."

"नाही सोडवत, बुवा."

"हावरट तर तू कधीच नव्हतास. प्रसादाचा पेढासुद्धा अर्धा शेजारच्याला द्यायचास." बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. "पाय धुऊन ये आत."

गाभारा एवढासा. दोन माणसं उभी राहिली की भरला. बुवांनी तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या. एक देवाच्या उजव्या खांद्याला चिकटवली, एक डाव्याला. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या लोक असेच विचारत आलेत, आणि जे मिळेल ते कपाळाला लावून घरी गेलेत.

"गाऱ्हाणं तू घाल," बुवा म्हणाले. "तुझ्या कंपनीचं नाव माझ्या जिभेला वळायचं नाही. मी हुंकार देतो."

"मी? मला कुठं येतं?"

"देवाला काय व्याकरण तपासायचंय? घाल."

मुकुंदानं हात जोडले. घसा खाकरला.

"हे देवा महाराजा..."

"व्हय महाराजा!"

"ही जी चाचणी आहे... ती खरी निघणार असली तर उजवी दे."

"व्हय महाराजा!"

"आणि खोटी निघणार असली तर..." त्यानं एकदा बुवांकडे बघितलं. "तर डावी दे."

"व्हय महाराजा," बुवा हळूच म्हणाले.

पाकळ्यांखालून पाण्याचा एकेक थेंब देवाच्या छातीवर उतरत होता. बाहेर घंटेला वारा लागत होता. मुकुंद पापणी न लववता बघत होता.

उजवी पाकळी हलली.

वरचा काठ सुटला... पाकळी जराशी खाली सरकली...

आणि मुकुंदाचा हात झटकन पुढे गेला. त्यानं ती पाकळी बोटांनी देवाच्या खांद्याला दाबून धरली.

कौल लागलेला असताना देवाला हात लावू नये, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुकुंद स्वतःच्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात आहे. पण काढवेना.

बुवा रागावले नाहीत.

"होय म्हणत होता की रे देव."

"दिसलं मला."

"तुला होयच हवं होतं ना?"

"हवं होतं."

"मग?"

मुकुंदानं पाकळी आणखी घट्ट दाबली.

"बुवा, शालनचं पोट दुखायचं."

बुवांनी मान हलवली. मुकुंदाची बायको शालन. चार वर्षांमागं गेली.

"मी ओवा द्यायचो तिला. गरम पाण्याची पिशवी द्यायचो. डॉक्टरनंही पित्ताच्याच गोळ्या दिल्या. तीही म्हणायची, अहो, काही नाही हो, वांगं बाधलं असेल. कळलं तेव्हा सगळं पसरलं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, साळवी, मनाला लावून घेऊ नका, आधी कळायला काही मार्गच नसतो याला." तो देवाकडे बघत म्हणाला, "त्या एका वाक्यावर मला झोप लागते, बुवा."

"हं."

"ही चाचणी खरी निघाली, तर तिच्या रक्तात ते तेव्हाच होतं. ती ओवा चावत होती तेव्हाही होतं. कुणीतरी बघायला हवं होतं नुसतं..."

"आणि खोटी निघाली तर?"

"तर अजून कितीतरी घरांतल्या बायका ओवा चावत बसतील." त्याचे डोळे वाहू लागले. "म्हणून तर सगळं त्यात घातलं मी. दुसरीचं तरी वेळेत कळू दे म्हणून. आणि रोज सकाळी भाव पडलेला दिसला की... की बरं वाटतं हो, बुवा! स्वतःची भाकरी बुडताना बघून बरं वाटतं. कसला माणूस आहे मी?"

पाकळीचं पाणी त्याच्या बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं.

बुवांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि त्याचं कोपर पुसलं. मग मनगट पुसलं. बोटांना मात्र हात लावला नाही. कोपऱ्यातला पाट पायानंच ओढला आणि त्याच्या शेजारी, अगदी खेटून, टेकले.

"धर," ते म्हणाले. "मी बसलोय इथं. हात भरून आला की सोड."