शेवटची होडी ओढायचा रिवाज

कुर्लीबेटाला कयाकने वळसा घालून येणाऱ्या पाहुण्यांची पहिली चिडचिड त्यांना नेणाऱ्या सगुण तांडेलांवर होते. पुळणीच्या वाळूला सगळ्यात आधी लागणारा घोटभर पाणी पितो, बुटाची नाडी आवळतो आणि डोंगराच्या पायवाटेला लागतो, तोच सगुणदाजी त्याला मागे बोलावतात. शेवटची होडी आल्याशिवाय कुणी वर जायचं नाही. ती आली की पहिल्या आलेल्याने पाण्यात उतरून ती आपल्या हाताने ओढून घ्यायची. ओढताना तोंडाला येईल ते बोलायची मुभा आहे. मागून आलेल्याने मात्र उलट उत्तर द्यायचं नाही. ऊन तापत असतं, पाहुणे कुरकुरत असतात. मग दाजी त्यांना उंडीच्या झाडाच्या सावलीत बसवतात आणि आवडूची हकिकत सांगतात.

फार जुनी हकिकत आहे म्हणे. किनाऱ्यावर तेव्हा दोनच वाड्या होत्या, माडवाडी आणि खडपवाडी. बेटाच्या पाठीमागे, डोंगराच्या आडोशाला एक शांत जागा आहे. तिला निवाऱ्याचं पाणी म्हणतात. वारा कितीही माजला तरी तिथे जाळं टाकता येतं. त्या पाण्यावरून दोन्ही वाड्यांत दरसाल डोकी फुटत. आवडू जन्माने खडपवाडीची आणि दिली होती माडवाडीत. आदल्या साली खडपवाडीने ते पाणी अडवलं, माडवाडीच्या होड्या नाइलाजाने उघड्या समुद्रात गेल्या आणि आवडूचा नवरा परत आला नाही. तिचे दोन मुलगे आता वल्हं धरायच्या वयाचे झाले होते.

शेवटी जाणत्यांनी तोड काढली. प्रत्येक वाडीच्या एकाने एकट्याने होडी वल्हवत बेटाला फेरी घालायची, पुळणीला लागायचं आणि डोंगर चढून बेटकरीण देवीच्या पाषाणाला नारळ लावायचा. ज्याचा नारळ आधी लागेल, तोच त्या पाण्याचं काय करायचं हे ठरवील. माडवाडीकडून आवडू स्वतःहून उभी राहिली, कारण तिच्यासारखं वल्हवणारं वाडीत कुणी उरलं नव्हतं. आणि खडपवाडीने उभा केला तिचा धाकटा भाऊ, भिवा.

भिवा म्हणजे सदाचा मागे राहणारा. लहानपणी शिंपल्या वेचायला गेलं तरी आवडूला त्याच्यासाठी ताटकळावं लागे. त्या दिवशीही तो मागेच पडला. आवडूने फेरी पुरी केली, पुळणीला होडी लावली आणि अर्धा डोंगर चढून सहज मागे पाहिलं. भिवाने वळसा वाचवायला होडी खडपांच्या, पाण्यातल्या खडकांच्या, फटीतून घातली होती. होडी तिथे अडकून लाटांखाली आदळत होती, आणि तो फळीला धरून लोंबकळत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर देवी, तिथे मुलांचं आयुष्य, खाली हा. ती उतरली, पण कडाकडा बोटं मोडत उतरली. कमरेइतक्या पाण्यात शिरून तिने ती होडी ओढून काढली आणि ओढता ओढता भिवाची सालटी काढली.

"तुका किती येळा सांगलंय, खडपाजवळ जाव नको म्हणान! जल्मभर माका थांबवन ठेवलंस, आज तरी नीट येवचा होता!"

भिवा गप्प राहिला. त्याची नडगी मोडली होती. भरती चढत होती, थोड्या वेळात पुळण पाण्याखाली जाणार होती, म्हणून त्याला खाली ठेवताही येईना. आवडूने त्याला पाठीवर घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून डोंगर चढायला लागली. वर पोचेपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही, असं सांगतात.

माथ्यावर दोन्ही वाड्यांचे जाणते वाट बघत होते. आवडूने भावाला पाषाणाजवळ उतरवलं. तिला श्वास पुरेना. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली, मग कनवटीला बांधलेला नारळ सोडायला लागली. तेवढ्यात बसल्या जागेवरून भिवाने हात लांब केला आणि आपल्या कमरेचा नारळ देवीला लावला.

खडपवाडीने एकच आरोळी ठोकली. आवडूचा नारळ तिच्या हातातच होता.

मग भिवा पहिल्यांदा बोलला. "पाणी आता माझा. ता मी माझ्या बहिणीक चोळयेक दिला."

आरोळी घशातच राहिली. आवडू जिंकली असती तर खडपवाडीने पुढच्या साली पुन्हा लाठ्या काढल्या असत्या, हे भिवाला ठाऊक होतं. पण माहेराने लेकीला देवीसमोर चोळीला म्हणून दिलेलं परत मागायची कुणाची छाती नव्हती. जाणत्यांनी माना डोलावल्या. आवडूला मात्र त्याचं कौतुक नव्हतं. तिला रडू फुटलं, आणि ते रागाचंच होतं.

"माझ्या पाठीर बसान जिंकलंस, आणि माकाच दान करतंस?"

भिवाने यावरही उलट उत्तर दिलं नाही. तेव्हापासून बेटावरचा हा रिवाज पडला, असं दाजी सांगतात.

निवाऱ्याचं पाणी आजही माडवाडीचं आहे. वारा माजला की खडपवाडीच्या होड्या त्या आडोशाच्या तोंडाशी येऊन थांबतात आणि आतल्या बायांना हाक मारून विचारतात, "येव काय?" आतून "येवा" असंच उत्तर येतं, आजवर नाही कुणी म्हटलेलं नाही. पण ते "येवा" लगेच कुणी म्हणत नाही.