भिंतीतली सही
वीटभट्टीचे मालक आबासाहेब हेच गावच्या बालसंरक्षण समितीचे अध्यक्ष. म्हणजे शेत खाणाऱ्या कुंपणालाच शेताची राखण!

बैठकीत मिशीवर हात फिरवत ते म्हणाले, "लिहा ग्रामसेवक, गावात एकही बालमजूर नाही."

"तुमच्या भट्टीवर पोरं ओल्या विटा पलटतात, आबा," अंगणवाडीच्या हिराताई म्हणाल्या.

"लेखी तक्रार आहे? सही, अंगठा, काहीतरी दाखवा!"

हिराताई याचीच वाट पाहत होत्या. त्या उठून थेट आबांच्या पाठीमागच्या भिंतीपाशी गेल्या. नव्या पंचायत कचेरीला विटा आबांनीच दिल्या होत्या, आणि गिलावा अजून व्हायचा होता. विटेविटेवर इवली बोटं उमटलेली होती, भट्टीत भाजून पक्की झालेली.

"सही येत नाही हो त्यांना. तुम्ही अंगठा मागितलात, त्यांनी पाचही बोटं दिलीत."

आबांनी घाम पुसला. "खेळताना उमटली असतील!"

"एखादी वीट असती तर मीही तेच म्हटलं असतं. इथं भिंत भरलीय."

"उद्याच गिलावा करून टाका!"

"करा की. पण आधी ही बोटं पाटीवर अक्षरं गिरवू देत."

ग्रामसेवकानं कुणाला न विचारता आधीची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'उद्याची बैठक भट्टीवर.'