हापशावरचा साबण

पौषातलं धुकं त्या दिवशी ऊन आलं तरी उठलं नव्हतं. फकिराच्या तकियाबाहेरची बोरी तेवढी दिसत होती. तिच्यापुढचं गाव जणू कुणी पांघरूण ओढून झाकलं होतं.

"उत्तर बरोबर होतं की नाही, बाबा?" तुळशीरामानं विचारलं.

लालशाबाबा खाली पडलेली बोरं वेचत होते.

"होतं की."

"मग काडेपेटी मैनाला का नाही दिली?"

तकियात रीतच होती. बाबा पोरांना रहस्याची गोष्ट सांगायचे आणि ऐन मोक्यावर गप्प व्हायचे. ज्याला उलगडा होईल, त्यानं सांजेला तिथला दिवा लावायचा. या खेपेची गोष्ट होती हापशावरच्या साबणाची. धुण्याच्या दगडावरची वडी रोज नाहीशी होते, आणि आळ येतो एका बहिऱ्या म्हातारीवर. मग नेतं कोण?

मैना तुळशीरामाची आईवेगळी पोर. बापाचं बोट सोडून शाळेतसुद्धा जायची नाही. एकदा तरी तिच्या हातून दिवा लागावा, म्हणून तुळशीरामानं हळूच तिच्या कानात सांगितलं होतं... कावळा.

तिनं ते सांगितलं. बाबांनी इतकंच विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

पोरीनं बापाकडं पाहिलं, आणि मान खाली घातली ती घातलीच.

"कालपासून बोलत नाही ती," तुळशीराम म्हणाला. "तुमचा इतक्या वर्षांचा शिष्य मी. माझ्या लेकराला एक काडी ओढू दिली असती, तर काय बिघडलं असतं?"

बाबांनी एक टपोरं बोर निवडलं. धोतराला पुसलं. तोंडात टाकलं, सावकाश चघळलं, आणि आठळी तुळशीरामाच्या तळहातावर ठेवली.

"खा."

"ही तर नुसती आठळी, बाबा."

"बोर गोड होतं. म्हटलं, तुला कशाला त्रास... मीच खाल्लं."

तुळशीराम आठळीकडं बघत राहिला. धुक्यात कुठंतरी कावळा ओरडला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पण आता तर फुटलं ना उत्तर. पोरीला काय उरलं?"

"सकाळी आली होती ती."

"इथं? माझ्याशिवाय?"

"तुझं घर हाकेवर तर आहे. दारात उभी राहिली. म्हणाली, बाबा, कावळाच होता ना?"

"मग?"

"मी म्हटलं, मला काय ठाऊक. मी कुठं पाहिलाय?"

"अहो, पण गोष्ट तुमचीच!"

बाबा हसले. पुन्हा बोरं वेचू लागले.

तेवढ्यात धुक्यातून घागर घेतलेली हौसाकाकू आली. तुळशीरामाच्या घराला घर लागून तिचं.

"भावजी, तुम्ही इथं होय? तुमची मैना साबणाची वडी घेऊन हापशाकडं गेली. एकटीच."

तुळशीराम ताडकन उठू लागला. बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात हलका होता, पण उठवेना.

"एकटी... आणि काही बोलली का?" तुळशीरामानं विचारलं.

हौसाकाकूनं घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

"बोलली की. म्हणाली, काकू, माझ्या आबांना सांगू नका. ते लगेच सांगून टाकतात."