खाडीपार गेलेला प्रश्न

जिथे रस्ता संपतो आणि वाळू सुरू होते, अशा एका लहानशा गावात हौसा आणि येसू नावाच्या दोन मैत्रिणी राहत होत्या. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन त्या गावात आलेल्या. दोघींची दारं समोरासमोर. हौसा बोलकी, ती आली की विहिरीवर हसण्याचा नुसता गलका व्हायचा. येसू कमी बोलायची, पण तिच्याजवळ मन मोकळं केलं की कुणालाही हलकं वाटायचं.

उन्हाळ्यात गावातले पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रावर जात आणि बायका ओहोटीच्या वेळी खडकांवर कालवं काढायला जात. त्या कधी एकेकट्या जात नसत. पाणी फिरून भरती सुरू झाली की प्रत्येकीने आपल्या जोडीदारणीला नावाने हाक मारायची आणि सगळ्यांची 'ओ' आल्यावरच किनाऱ्याकडे वळायचं, असा तिथला रिवाज होता. हौसाची जोडीदारीण येसूच.

एके सकाळी हौसा पाण्याला निघाली, तेव्हा तिला येसू दिसली. गावाच्या टोकाला धोंडाय नावाची म्हातारी एकटी राहायची. तिच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घातलेले होते आणि येसू त्यांच्यात वाकून काहीतरी करत होती.

हौसा विहिरीवर आली आणि हसत हसत म्हणाली, "अगो, येसू इतक्या सकाळी धोंडायच्या बोंबलांपाशी काय करत असेल?"

बस, इतकंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

पण दुपारपर्यंत कुणीतरी म्हणालं, "धोंडायचे बोंबील हल्ली कमी कमी होतायत म्हणे." संध्याकाळी तिसरी म्हणाली, "माझीही सुकट परवा कमी भरली." चार दिवसांत येसू दिसली की बायका टोपल्या दुसऱ्या कुशीला घेऊ लागल्या. ओहोटीला जाताना तिच्या दारावरून पुढे निघून जाऊ लागल्या.

येसू हौसाकडे आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"हौसा, तू माझ्याबद्दल काही बोललीस?"

हौसाला तेव्हाच सगळं मोडून टाकता आलं असतं. पण विहिरीवर सगळ्यांसमोर 'माझं चुकलं' म्हणायचं, या कल्पनेनेच तिचे कान तापले.

"मी कुठे काय बोलले? मी नुसतं विचारलं," ती म्हणाली.

येसूने तिच्याकडे पाहिलं. "मग मलाच विचारायचं होतंस," एवढं म्हणून ती गेली.

वैशाखातली अमावास्या झाली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना समुद्र इतका मागे गेला, की म्हाताऱ्या बायकाही बघत राहिल्या. एरवी कायम पाण्याखाली असणारे खडक उघडे पडले होते. त्यांच्यावर जांभळी, नारिंगी फुलं फुलावीत तसे जीव चिकटले होते. डबक्यांतून काचेसारखे आरपार मासे फिरत होते. मैलभर ओली वाळू आणि तिच्यात उतरलेलं आख्खं आभाळ. कुणी मोठ्याने बोलेना. देवळात शिरावं तशा बायका हळूहळू पावलं टाकत होत्या.

मग पाणी फिरलं. हाका सुरू झाल्या. नावामागून नाव, 'ओ'मागून 'ओ'. सगळ्या किनाऱ्याला आल्या. हौसाने मात्र त्या दिवशी कुणाला हाक मारली नव्हती आणि तिलाही कुणी मारली नव्हती. ती मागे वळली, तर लांब, चहूकडून पाण्याने वेढलेल्या शेवटच्या खडकावर एक लुगडं वाऱ्यावर फडफडत होतं.

"येसू!" हौसा ओरडली. "अगो, येसू तिथे राहिली! चला!"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक जण पुटपुटली, "बोंबलांपाशी गेली होती, तशीच लोभाने तिथे गेली असेल."

आपलाच प्रश्न असा परत कानावर आल्यावर हौसा बायकांसमोर येऊन उभी राहिली. ती हात जोडून म्हणाली, "ते माझ्या तोंडातून निघालं होतं. तिला काही घेताना मी पाहिलं नव्हतं. तिने काही घेतलं नाही. मी उगाच हसत हसत…"

"मी सांगते ती काय करत होती ते," मागून आवाज आला. आरडाओरडा ऐकून काठी टेकत आलेली धोंडाय उभी होती. "माझे डोळे गेलेत. बोंबील फिरवायचे, पक्षी हाकलायचे, ते येसू करते. लेकाला कळलं तर तो मला इथून घेऊन जाईल, म्हणून मीच तिला शपथ घातली होती, कुणाला सांगू नको. तिने नाही सांगितलं."

इतके दिवस सगळं अंगावर घेऊन येसू गप्प राहिली होती!

मग बायका धावल्या. लुगड्याला लुगडं बांधलं, हाताला हात धरला. चाळीस बायकांची रांग पाण्यात उतरली. लाटा छातीपर्यंत आल्या, पण एकही हात सुटला नाही. सगळ्यांत पुढे हौसा होती. तिने येसूचं मनगट पकडलं, तेव्हा खडक पाण्याखाली गेलेला होता.

त्यानंतर हौसा दारोदार फिरली. "येसूने काही चोरलेलं नाही, मी उगाच बोलले," असं प्रत्येक घरी सांगू लागली. पण प्रत्येक घरात तिला निराळीच गोष्ट भेटली. कुठे बोंबलांची सुकट झाली होती, कुठे सुकटीची नथ. शेवटी ती तरीच्या होडीत बसून खाडीपार गेली. तिथे एका अनोळखी बाईने तिला पाणी दिलं आणि बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या काठाला एक बाई आहे म्हणे, आंधळ्या म्हातारीला लुबाडते."

हौसाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. जिने येसूला कधी पाहिलंही नव्हतं, तिच्या घरात येसू चोर होऊन बसली होती. आपलं एवढंसं वाक्य किती चाललं, किती वाढलं! परवाचा समुद्रही हौसाला इतका अफाट वाटला नव्हता.

ती घरी आली आणि येसूच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "मला ते सगळं परत आणता येत नाही, येसू. खाडीच्या पलीकडेही पोचलंय. त्याच्या पुढे किती गावं, मला माहीत नाही."

येसूने खुंटीवरची टोपली काढली.

"एकटीने नको जाऊस," ती म्हणाली. "मी येते. लोक मला बघतील तरी."

आणि दोघी तरीकडे निघाल्या.

तात्पर्य: मित्राबद्दलची शंका मित्रालाच विचारावी, दुसऱ्याला विचारली की ती आपली राहत नाही.