एकच पोरगं दोनदा

एका तालुक्याच्या गावी गुणाजी नावाचा एक भोळा प्रोग्रामर होता. त्याच्या डोक्यात एकदा गेलेली गोष्ट बाहेर येत नसे. तीच तर पंचाईत होती.

तो उज्ज्वलाताईंच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात कामाला होता. ताईंनी शाळेच्या गणवेशासाठी एक प्रोग्राम केला होता. पोराची उंची आणि कंबर घातली की कापड किती लागेल ते तो सांगायचा. आया 'वाढत्या अंगाचं शिवा' म्हणतात, म्हणून दोन इंच जास्तच धरायचा. शनिवारी शिक्षणसंस्थेचे तात्यासाहेब तो बघायला येणार होते. पसंत पडला तर बारा शाळांचं काम. नाही पडला तर ऑफिसला कुलूप.

"गुणाजी, हे काम मिळालं की तुला कायम करते," ताई म्हणाल्या. "तपासायला हजार पोरांची खोटी मापं तयार कर."

गुणाजीनं चार ओळींचा कोड लिहिला. बुधवारी हजार पोरं तयार. एक तीन फुटी पोरगा पन्नास इंच कंबरेचा, तर सहा फुटी पोरगा शेवग्याच्या शेंगेसारखा.

"अरे, उंची वाढली की कंबरही थोडी वाढते," ताई म्हणाल्या. "आकडे हातात हात घालून चालले पाहिजेत."

"डोक्यात ठेवलं, ताई."

गुरुवारी त्यानं सगळेच आकडे हातात हात घालून चालवले. हजेरीचा नंबरसुद्धा. एक नंबरचा पोरगा अडीच फूट आणि हजार नंबरचा बावीस फूट.

"याला बसवायचं कुठं?" ताईंनी विचारलं.

गुणाजीनं विचार केला. "मैदानावर."

ताईंनी पाणी मागवलं. "नंबराचा आणि उंचीचा काही संबंध नाही. आणि हे बघ, तुझ्या हजार पोरांत दोघं एका मापाची नाहीत. खऱ्या शाळेत एका उंचीची पन्नास पोरं निघतात. तेच ते पुन्हा पुन्हा आलं पाहिजे."

"डोक्यात ठेवलं, ताई."

शुक्रवारी सकाळी तेच ते पुन्हा पुन्हा आलं. दिगंबर गवळी पन्नास वेळा आला. नाव तेच, माप तेच, आई तीच.

"एका बाईला पन्नास मुलं?"

"एकाच दिवशी, ताई. जन्मतारीखसुद्धा जुळवलीय."

ताईंना हसावं की रडावं कळेना. पण शनिवार तोंडावर आला होता, म्हणून त्यांनी शांतपणे समजावलं. "मापं पुन्हा येऊ देत, पोरगं नको. आडनाव एक, आई एक, जन्मतारीख एक, माप एक दिसलं की समजायचं, एकच पोरगं दोनदा आलंय. पहिलं ठेवायचं, दुसरं काढून टाकायचं."

"डोक्यात ठेवलं, ताई."

आणि काय सांगावं, संध्याकाळपर्यंत हजार पोरं अगदी खऱ्यासारखी झाली. ताईंनी शाबासकी दिली. गुणाजी घरी आईला 'मी कायम झालो' असं सांगूनही मोकळा झाला.

शनिवारी तात्यासाहेब आले. खोट्या पोरांवर प्रोग्राम झकास चालला. "आता खऱ्यांवर दाखवा," ते म्हणाले. त्यांनी पाचवीचा वर्गच आणला होता, चाळीस पोरं. गुणाजी टेप घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. एकेकाचं माप घेतलं, नाव-गाव विचारलं, सगळं भरलं आणि आत बसायला पाठवलं.

कापडाचा आकडा पडद्यावर आला. तात्यासाहेबांनी खूश होऊन सहीसाठी पेन काढलं.

"आमच्या नातींची मापं बघू. ईरा आणि मीरा."

ताईंनी यादी पाहिली. ईरा होती. मीरा नव्हती. पोरंही एकोणचाळीसच होती.

"गुणाजी, चाळीस पोरं आली होती ना?"

"आली होती, ताई. पण त्यात एक दोनदा आली होती," गुणाजी म्हणाला. "आडनाव एक, आई एक, जन्मतारीख एक. मापात सुताचा फरक नाही. मी लगेच ओळखलं."

ताई खुर्चीतून उठल्या. "मग?"

"पहिली ठेवली."

"आणि दुसरी?"

"काढून टाकली. रिक्षात बसवून दिली."

तात्यासाहेब पेन खिशात कोंबून दाराकडे धावले. गुणाजीला म्हाताऱ्याची दया आली. तोही मागोमाग धावला.

"घाबरू नका हो तात्यासाहेब. तीही अशीच घाबरून रडत होती. मी समजावलं तिला. म्हटलं, रडू नकोस बाळ, तू आत बसलेली आहेसच."