बांधावरचा बारका आवळा

एका गावात दोन भाऊ होते, शेताला शेत लागून, मधे फक्त बांध. थोरल्याच्या विहिरीपाशी आवळ्याचं झाड होतं, फळं चांगली लिंबाएवढी. धाकट्याचा आवळा बांधावर आपोआप उगवलेला, फळं बोराएवढी आणि तोंड वाकडं करायला लावणारी. पंचक्रोशीत तिसरा आवळा नव्हता. कार्तिकात दोन्ही घरं बांधावरच्या सावलीत आवळीभोजनाला बसत आणि थोरला दर वर्षी त्या फळांची थट्टा करी.

पुढे थोरल्याच्या डोक्यात बागेनं घर केलं. त्यानं आपल्याच झाडाच्या फांद्या देऊन माळ्याकडून कलमं बांधून घेतली आणि सगळं रान लावलं. कलमं फुलायच्या बेताला आली तसा त्याला घोर लागला. मधमाश्या त्या बारक्या आवळ्याचे पराग आणणार आणि आपला वाण बिघडवणार!

"तो आवळा काढून टाक," तो धाकट्याला म्हणाला, "मुळासकट."

"दादा, अरे तो कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"झाड हवंय की भाऊ, ते ठरव."

धाकट्यानं भाऊ ठरवला. कुऱ्हाड त्यानंच चालवली. थोरल्याला तेव्हा ते बरंच वाटलं.

चैत्रात बाग फुलून आली. थोरला गावभर मिरवला. पण श्रावण सरला तरी फांद्या रिकाम्याच! विहिरीपाशीच्या जुन्या झाडावरही फळ नव्हतं. थोरल्यानं माळ्याला बोलावून फैलावर घेतलं.

"कलमं अस्सल आहेत मालक, तिथंच घोटाळा झाला," माळी म्हणाला. "आवळ्याचं फूल आपल्याच झाडाचा पराग ओळखतं आणि त्याला रुजू देत नाही. ही ओळख त्याच्या जातीतच असते. त्याला पराग लागतो दुसऱ्या आवळ्याचा. तुमची अख्खी बाग म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या! आणि परक्या परागानं फळ काही बारकं होत नाही, ते आपल्या झाडावरच जातं. आजवर तुमचं झाड कुणाच्या जिवावर फळत होतं?"

बाजारात ज्या फळांचा थोरल्यानं एवढा तोरा मिरवला, त्यातलं प्रत्येक फळ भावाच्या झाडानं धरवलेलं होतं. तो तसाच धाकट्याकडे गेला.

"चुकलो रे. तुझा आवळा मला परत हवाय."

धाकटा रागावला असता तर थोरल्याला सोसलं असतं. पण तो रागावला नाही.

"तू म्हणालास म्हणून तोडला, दादा," तो हळूच म्हणाला. "आता तू म्हणतोस म्हणून उभा कसा करू?"

तात्पर्य: आपल्यासारखं नाही म्हणून ज्याला आपण तोडतो, बऱ्याचदा त्याच्याच आधारानं आपण फळत असतो, आणि हे उमगतं, तोवर कुऱ्हाड चालून गेलेली असते.